मोजताना दोन, ऐकताना एकच

अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचा एक गमतीशीर नियम आहे. दुहेरी अल्बम शंभर मिनिटांहून लांब असला, तर त्याचा एक संच विकला की दोन प्रती खपल्या असं धरतात. म्हणजे पन्नास लाख संच गेले की कागदावर एक कोटी, आणि एक कोटी म्हणजे 'डायमंड'. आउटकास्ट या अटलांटाच्या जोडीचा 'स्पीकरबॉक्स/द लव्ह बिलो' हा २३ सप्टेंबर २००३ रोजी आलेला, सुमारे सव्वादोन तासांचा अल्बम याच हिशेबाने डायमंड झाला आणि रॅपमधल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांत जाऊन बसला. या हिशेबाबद्दल माझी तक्रार नाही. कंपन्यांना दोन तबकड्या दिसल्या, त्यांनी दोन मोजल्या. तक्रार आहे ती समीक्षकांबद्दल, पुरस्कार वाटणाऱ्यांबद्दल आणि थोडी आपल्यासारख्या दुरून ऐकणाऱ्यांबद्दलही. त्यांच्या हातातही दोनच तबकड्या होत्या. ऐकली मात्र एकच.

आउटकास्ट म्हणजे दोन मित्र: अँटवान पॅटन ऊर्फ बिग बॉय आणि आंद्रे बेंजामिन ऊर्फ आंद्रे ३०००. दोघंही १९७५ सालचे, अटलांटाला खेटून असलेल्या ईस्ट पॉइंटमधल्या एकाच शाळेतले. १९९४ ते २००० या काळात त्यांचे चार अल्बम आले, चारही जोडीने केलेले. पाचव्या वेळी त्यांनी सरळ वाटणी केली. 'स्पीकरबॉक्स' ही तबकडी बिग बॉयची: रॅप, फंक, चर्चमधल्या भक्तिगीतांचं गॉस्पेल, मोटारीच्या डिक्कीतल्या स्पीकरांसाठी बेतलेला खर्ज. 'द लव्ह बिलो' आंद्रेची: तिच्यात तो बहुतेक वेळ गातोच. जॅझच्या वळणाची तंतुवाद्यं, रॉक, प्रिन्स या गायकाची आठवण करून देणारा शृंगार, मधूनमधून छोटी नाटुकली. वेष्टन एक, नाव एक, मध्ये एक तिरकी रेघ. त्या रेघेच्या डावीकडे काय आहे याची फिकीर फार थोड्यांनी केली.

कौतुकात मात्र कुणी कंजूषपणा केला नाही, हे कबूल करायला हवं. पहिल्याच आठवड्यात पाच लाखांवर संच गेले आणि अल्बम 'बिलबोर्ड' मासिकाच्या खपाच्या यादीत थेट पहिला आला. 'व्हिलेज व्हॉइस' हे न्यूयॉर्कचं साप्ताहिक दरवर्षी देशभरातल्या समीक्षकांचा कौल घ्यायचं. २००३ च्या कौलात हाच अल्बम पहिला, आणि गाण्यांत आंद्रेचं 'हे या!' पहिलं. ८ फेब्रुवारी २००४ ला ग्रॅमीत 'अल्बम ऑफ द इयर'. आणखी काय द्यायचं राहिलं होतं?

राहिलं होतं ते नीट ऐकणं. त्या वेळची परीक्षणं आज सलग वाचली तर एक ठरीव साचा दिसतो. सुरुवातीला दोन ओळी बिग बॉयबद्दल: भक्कम, विश्वासू, अपेक्षेप्रमाणे. मग दहा-बारा ओळी आंद्रेबद्दल: बंडखोर, द्रष्टा, चौकट मोडणारा, रॅपच्या पलीकडे गेलेला. हे 'पलीकडे जाणं' फार मोलाचं मानलं गेलं. जणू रॅप हे रेल्वेतलं एखादं जंक्शन आहे, शहाण्या माणसाने तिथे गाडी बदलायची आणि पुढे निघायचं. जो तिथेच राहतो तो बिचारा हमाल. माझं म्हणणं एवढंच की, या कौतुकात अपमान मिसळलेला होता, आणि तो एकट्या बिग बॉयचा नव्हता. तो त्या संगीताचा होता, ज्यातून हे दोघंही वर आले.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रॅपला हे नवं नव्हतं. नव्वदच्या दशकात रॅप म्हणजे न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस. ह्यूस्टनचे गेटो बॉइज, मायामीचे टू लाइव्ह क्रू यांना श्रोते होते, पण न्यूयॉर्कवाल्यांच्या लेखी दक्षिणेतलं सगळं गावंढळ: बोलणं हेल काढून, ठेके नाचकामापुरते, शब्दांत दम नाही. ३ ऑगस्ट १९९५ ला न्यूयॉर्कमध्ये 'द सोर्स' मासिकाचा पुरस्कार सोहळा झाला. नव्या रॅप-गटांसाठीचा पुरस्कार आउटकास्टला जाहीर झाला आणि सभागृहाने हुर्यो उडवली. विशीतल्या आंद्रेने माइकवर येऊन सांगितलं की दक्षिणेलाही काहीतरी सांगायचंय. त्याचं ते एक वाक्य आता दंतकथा झालंय, टी-शर्टांवर छापलं जातं. त्याच 'सोर्स'ने तीनच वर्षांनी त्यांच्या 'अक्वेमिनाय' या अल्बमला पाचपैकी पाच माइक, म्हणजे पैकीच्या पैकी गुण, दिले. म्हणजे २००३ उजाडलं तोवर आउटकास्टची पत ठरून गेली होती. ती पत रॅप करून मिळवलेली होती, रॅप सोडून नव्हे. हे पुढच्या गोंगाटात लोक विसरले.

आता दोन्ही तबकड्या समोर ठेवू. 'हे या!'पासून सुरुवात करतो, कारण ते गाणं खरोखरच अफाट आहे आणि त्याला कमी लेखून मला काही सिद्ध करायचं नाही. वरवर साधं, टाळ्या वाजवत म्हणायचं गाणं. पण मात्रा मोजा. चार, चार, चार, मग अचानक दोन, आणि पुन्हा चार, चार. बावीस मात्रांचं आवर्तन. त्या दोन मात्रांच्या ठिकाणी पाय दरवेळी किंचित अडखळतो, आणि गंमत म्हणजे नाचणाऱ्याला ते कळतही नाही. शब्द तर त्याहून फसवे. एकमेकांवरचा जीव उडालाय हे ठाऊक असूनही एकत्र राहणाऱ्या जोडप्याची ही रडकथा आहे. गाण्याच्या मध्यात आंद्रे स्वतःच म्हणतो की, तुम्हाला माझं ऐकायचं नाहीये, तुम्हाला नुसतं नाचायचंय. पुढे नेमकं तेच झालं. हे गाणं लागल्यावर जगभर लग्नांतसुद्धा लोक बेभान नाचले.

याउलट 'स्पीकरबॉक्स'वरचं 'वॉर' घ्या. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. त्याच महिन्यात डिक्सी चिक्स या लोकप्रिय कंट्री बँडच्या गायिकेने लंडनच्या मंचावरून बुश यांच्याविरुद्ध एक वाक्य उच्चारलं आणि देशभरातल्या रेडिओ स्टेशनांनी त्यांची गाणी बंद केली. अशा हवेत, लाखांनी खपणार हे दिसत असलेल्या अल्बमवर, बिग बॉय अफगाणिस्तानातल्या मोहिमेचं नाव घेऊन विचारतो की ओसामा सापडला का. मग डॅनियल पर्लचं नाव येतं: हा माणूस का मेला, त्याची बायको आणि न जन्मलेलं मूल यांनी कशाची किंमत चुकती केली? पर्ल 'वॉल स्ट्रीट जर्नल'चा दक्षिण आशियाचा प्रतिनिधी होता. तो मुंबईत राहायचा, तिथूनच बातमीदारी करायचा. २००२ च्या जानेवारीत कराचीत त्याचं अपहरण झालं आणि नंतर हत्या. अटलांटाच्या एका रॅपरने दोन-तीन ओळींत, ठेका न सोडता, ही गोष्ट गाण्यात आणली. मुंबईतही हे गाणं कुणाला ठाऊक नसावं याचं मला अजून नवल वाटतं. ज्या अल्बमला वर्षातला सर्वोत्तम म्हटलं, त्याच्यावरचं सर्वांत जोखमीचं राजकीय गाणं हे होतं. तरी 'धाडस' हा शब्द जवळपास सगळा आंद्रेच्या निळ्या-गुलाबी प्रेमगीतांच्या वाट्याला गेला.

'द रूस्टर'सुद्धा असंच. पितळी वाद्यांचा दणका, वाटतं की मिरवणूक निघाली आहे. आणि शब्दांत? संसार मोडलेला, पोरांची आई वेगळी झालेली, बापपण अंगावर पडलेलं, भांडणं, समजुती, पुन्हा भांडणं. रॅपमधला पुरुष एरवी ज्या गोष्टी दाराआड ठेवतो त्या इथे उघड्यावर, पण रडगाणं न करता. 'चर्च'मध्ये गॉस्पेलच्या धाटणीचं समूहगान आणि त्याच्यावर धावती ओळ: आपण इथे कशाला आलोय? 'बोटाय' या गाण्यात निव्वळ कपड्यांचा तोरा. या तिन्ही गाण्यांत बिग बॉयची जीभ कशी चालते ते ऐकण्यासारखं आहे. एका मात्रेत तीन शब्द कोंबायचे, चौथा मुद्दाम उशिरा टाकायचा, यमक ओळीच्या शेवटी न ठेवता पोटात लपवायचं. हे कसब दिसत नाही, कारण ते सहज वाटतं. गायला न येणाऱ्या माणसाने गायला घेतलं की मात्र ते लगेच दिसतं. प्रयत्न दिसतो, आणि समीक्षकाला प्रयत्न दिसला की धाडस सापडल्यासारखं वाटतं.

आंद्रेच्या गळ्याला मर्यादा आहेत हे त्याचे भक्तही मान्य करतील. 'प्रोटोटाइप'मध्ये त्याच मर्यादेतून गोडवा निघतो. ते गाणं मला आजही अप्रतिम वाटतं. पण 'द लव्ह बिलो' ऐंशी मिनिटांच्या आसपास जाते, आणि त्यातली निदान वीस मिनिटं कुणी काढून टाकली असती तर कुणाला चुटपुट लागली नसती. 'ड्रॅक्युलाज वेडिंग' हा एक गंमत म्हणून केलेला प्रकार आहे, गंमत दुसऱ्या वेळेपर्यंत टिकत नाही. 'माय फेव्हरिट थिंग्ज'ला वेगवान ड्रम लावणं ही कल्पना चांगली, पण कल्पनेच्या पुढे ती गेली नाही. नोरा जोन्सबरोबरचं 'टेक ऑफ युअर कूल' मात्र हळुवार आहे. ही पंडित रविशंकर यांची कन्या. आदल्या वर्षीचा 'अल्बम ऑफ द इयर' तिचाच होता. आणि या तबकडीवरचा सर्वांत ताकदीचा तुकडा कोणता? माझ्या मते शेवटचा, जिथे आंद्रे गाणं थांबवून सलग रॅप करतो आणि आपली सगळी कहाणी सांगत सुटतो: शाळेचे दिवस, प्रसिद्धी, गायिका एरिका बाडूची भेट. गोष्ट मध्येच तुटते, नावातच 'अपूर्ण' म्हटलंय. रॅपच्या पलीकडे गेलेल्या अल्बमचा कळस रॅपमध्येच सापडावा, हे त्या कौतुकाच्या साच्यात बसत नव्हतं. म्हणून त्याच्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही.

'स्पीकरबॉक्स'ही निर्दोष नाही. शेवटच्या एक-तृतीयांश भागात पाहुण्यांची गर्दी होते, 'लास्ट कॉल'सारखं गाणं त्या काळच्या क्लबांपुरतं होतं आणि तिथेच राहिलं. पण तिचे दोष 'नेहमीचं रॅप' म्हणून मोजले गेले आणि आंद्रेचे दोष 'महत्त्वाकांक्षेची किंमत' म्हणून माफ झाले. दोघांना दोन वजनकाटे लावले गेले.

ग्रॅमीचा इतिहास बघितला की हा काटा कुणाचा आहे ते कळतं. आउटकास्टच्या आधी हिप-हॉपमधून 'अल्बम ऑफ द इयर' फक्त एकदाच मिळाला होता, १९९९ मध्ये लॉरिन हिलला. तोही अल्बम निम्म्याहून अधिक गायलेला. म्हणजे दोनदा दार उघडलं आणि दोन्ही वेळा गाणाऱ्यालाच आत घेतलं. २००४ च्या नामांकनांत मिसी एलियटचा 'अंडर कन्स्ट्रक्शन' होता. तीही दक्षिणेचीच, व्हर्जिनियाची, आणि तिचा अल्बम अंतर्बाह्य रॅप. तिला मिळालं नाही. पुढे २००९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लिल वेनचा 'द कार्टर ३' हरला. केंड्रिक लामार २०१४, २०१६, २०१८ मध्ये हरला. २०१८ मध्ये ब्रुनो मार्सकडून, आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी केंड्रिकच्या त्याच 'डॅम' अल्बमला पुलित्झर मिळालं. २००४ नंतर वीस वर्षं उलटली तरी रॅपच्या दुसऱ्या कुठल्या अल्बमला तो मान मिळाला नाही. योगायोग एकदा होतो, दोनदा होतो. त्यापुढे त्याला सवय म्हणतात.

बरं, २००४ च्या त्याच रात्री 'हे या!'ला जो वेगळा पुरस्कार मिळाला तो 'अर्बन/ऑल्टर्नेटिव्ह' या गटात. गिटार वाजवत, साठच्या दशकातल्या रॉकसारखं रचलेलं गाणं. पण गायक काळा, म्हणून 'अर्बन'. आंद्रे रॅप सोडून कितीही दूर गेला तरी त्याला कोणत्या खणात ठेवायचं ते आधीच ठरलेलं होतं. २०२० मध्ये टायलर द क्रिएटर या रॅपरने ग्रॅमी स्वीकारल्यावर या 'अर्बन' शब्दाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि त्याच वर्षी ग्रॅमी देणाऱ्या अकादमीने एका गटाच्या नावातून तो काढला. सोळा वर्षं लागली.

त्या सोहळ्यातला एक प्रसंग आंद्रेच्या भक्तांना आठवायला आवडत नाही. 'हे या!' सादर करताना मागे मूळ अमेरिकी जमातींचा तिपी तंबू, अंगावर हिरव्या झालरी, डोक्यावर पिसं. मूळ अमेरिकी संघटनांनी निषेध केला, बहिष्काराची हाक दिली, आणि शेवटी सीबीएस वाहिनीला माफी मागावी लागली. 'हा कलावंत सगळ्या चौकटी मोडतो' असं एकदा ठरवलं की तो कुणाच्या अंगणात जाऊन काय मोडतोय हे बघायचं भान राहत नाही. निषेध करणारेही श्रोतेच होते. अल्बमच्या स्वागताची हकिगत सांगताना त्यांना वगळून चालणार नाही.

श्रोत्यांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या बाजूने एक साक्ष काढतो, कारण सगळा दोष सरसकट वाटून टाकणं सोपं आहे. 'हे या!' बिलबोर्डच्या गाण्यांच्या 'हॉट हंड्रेड' यादीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्याला फेब्रुवारी २००४ मध्ये तिथून खाली कुणी खेचलं? 'द वे यू मूव्ह'ने. म्हणजे बिग बॉयच्या तबकडीवरच्या, स्लीपी ब्राउनबरोबरच्या गाण्याने. एकाच अल्बमच्या दोन अर्ध्यांनी एकमेकांना पहिल्या जागेवरून हटवावं ही गोष्ट दुर्मीळ. याचा अर्थ सामान्य अमेरिकी श्रोता दोन्ही बाजू वाजवत होता. अटलांटात, मेम्फिसमध्ये, ह्यूस्टनमध्ये गाडीची डिक्की थरथरेल असा खर्ज हवा असणाऱ्या माणसाला 'पलीकडे जाण्या'शी देणंघेणं नव्हतं. त्याला गाणं चांगलं लागलं, त्याने ते वाजवलं. इथे समीक्षकापेक्षा तो जास्त न्यायी ठरला.

आणि त्याच्या गाडीत त्या वर्षी आणखी काय वाजत होतं? ऑगस्ट २००३ मध्ये, आउटकास्टच्या महिनाभर आधी, अटलांटाच्याच टी. आय.चा 'ट्रॅप म्युझिक' आला. लिल जॉनचं 'गेट लो' त्या उन्हाळ्यात सगळीकडे होतं. बोन क्रशर, यंगब्लड्झ, मिसिसिपीचा डेव्हिड बॅनर, सगळे त्याच वर्षातले. दक्षिण तेव्हा उकळत होती. समीक्षकांनी त्या उकळीतून नेमका तो एक कलावंत उचलला जो तिथून बाहेर पाऊल टाकत होता. बाकीच्यांना 'क्लबातला धिंगाणा' म्हणून सोडून दिलं. पुढची वीस वर्षं कुणी घडवली ते बघा. ट्रॅप नावाचा तो प्रकार, रोलँड ८०८ या ठेका वाजवणाऱ्या यंत्राचा तो लांब घुमणारा खर्ज आणि वर बारीक फडफडणारी हाय-हॅट, आज जगभरच्या पॉपचा पाया आहे. मुंबई-पुण्यातली पोरं मराठीत रॅप करतात तेव्हा त्यांच्या शब्दांखाली बहुतेक वेळा हाच अटलांटाचा खर्ज असतो. 'द लव्ह बिलो'सारखी ऐकू येणारी मराठी गाणी मला सापडलेली नाहीत. ज्यांनी घर सोडलं नाही त्यांचंच घर जगभर गेलं.

आपल्याकडे तो अल्बम पोचला तोही अर्धाच. २००४ च्या सुमाराला संगीताच्या वाहिन्यांवर 'हे या!'चा व्हिडिओ दिसायचा: हिरव्या कपड्यांतला आंद्रे, आणि त्याच्या बँडमधले आठही जण तोच. कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत ते गाणं वाजलं, फूटपाथवरच्या शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपी३ सीडींवर ते होतं. 'आउटकास्ट' म्हणजे एकच माणूस आहे असं समजणारे मला आजही भेटतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दूरच्या बाजारात माल आला तो तिथल्या दुकानदाराने निवडलेला.

पण ती निवड कशी होते हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. बोलीभाषेत, आपल्या वस्तीबद्दल, आपल्या माणसांबद्दल लिहिणारा लेखक चार पुस्तकं लिहितो तेव्हा त्याला 'अनुभवाचा सच्चेपणा' अशी पाठीवर थाप मिळते. पाचवं पुस्तक त्याने प्रमाण मराठीत, मध्यमवर्गीय प्रेमाबद्दल लिहिलं की लगेच 'आता तो खऱ्या अर्थाने व्यापक झाला' असा शेरा येतो. त्याची व्यापकता मोजली जाते ती तो परीक्षकाच्या घराच्या किती जवळ आला यावरून.

यावर एक रास्त प्रश्न येतो. म्हणजे कलावंताने आपल्या प्रकाराबाहेर पडूच नये का? पडावं की. आंद्रे पडला ते स्वतःच्या गरजेने, समीक्षकांना खूश करायला नव्हे; पुढच्या वीस वर्षांत त्याने ते सिद्ध केलं. २०२३ मध्ये त्याने 'न्यू ब्लू सन' काढला, बासऱ्यांचा, एकही शब्द रॅप नसलेला, आणि पहिल्या गाण्याच्या लांबलचक शीर्षकातच सांगून टाकलं की रॅपचा अल्बम करायची मनापासून इच्छा होती, पण वारा इकडे घेऊन आला. हा खरेपणा मला आवडतो. माझा प्रश्न त्याला नाही. प्रश्न आहे तो अशा अल्बमला 'अल्बम ऑफ द इयर'चं नामांकन चटकन देणाऱ्या व्यवस्थेला. त्याच्या जोडीदाराचं काय झालं तेही पाहा. बिग बॉयचा 'सर लुशियस लेफ्ट फूट' २०१० मध्ये आला. त्यावर आंद्रेचा आवाज असावा असं दोघांनाही वाटत होतं, पण आउटकास्टचे हक्क असलेल्या कंपनीने तो येऊ दिला नाही. परीक्षणं उत्तम आली, समीक्षकांनी त्याला उशिरा का होईना न्याय दिला. बाजारात मात्र तो अल्बम 'स्पीकरबॉक्स'च्या आसपासही पोचला नाही. वर्षानुवर्षं ज्याला 'दुसरा' म्हणून ओळख करून दिली, त्याचं पहिलेपण मान्य करायला लोकांना वेळ लागणारच.

दक्षिणेतून याच्या आगेमागे आणखी दुहेरी अल्बम आले. टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरच्या यूजीके या जोडीचा 'अंडरग्राउंड किंग्ज' २००७ मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर आला. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची सुरुवात आंद्रे ढोलाशिवाय करतो आणि शेवटाकडे बिग बॉयही येतो. त्याच डिसेंबरात यूजीकेचा पिम्प सी गेला. मिसिसिपीचा बिग क्रिट २०१७ मध्ये दुहेरी अल्बम घेऊन आला: एक तबकडी रंगमंचावरच्या नावाची, दुसरी जस्टिन स्कॉट या खऱ्या नावाची. दोन्ही अल्बम घट्ट दक्षिणेचे, आणि दोन्हींना 'अल्बम ऑफ द इयर'च्या यादीने विचारलं नाही.

हल्ली वारं फिरलंय. जुन्या रसिकांच्या गप्पांत आता 'खरा अल्बम स्पीकरबॉक्सच, आंद्रेचा नुसता नखरा' असं ऐकू येतं. दोन तबकड्यांतून आपली एक बनवायचा खेळ तर पहिल्यापासून चालूच आहे. अशा निवडक याद्यांत आता बिग बॉयची गाणी वाढू लागली आहेत. मला या नव्या मताचं स्वागत करावंसं वाटायला हवं, पण वाटत नाही. 'खरं हिप-हॉप' कोणतं याचा पहारा देणारे आणि 'हिप-हॉपच्या पलीकडे' जाणाऱ्याला हार घालणारे, दोघांनाही एकाच तबकडीची गरज असते. फक्त बाजू बदललेली. 'रोझेस' हे आंद्रेच्या तबकडीवरचं लाडकं गाणं, त्यात बिग बॉयचं कडवं आहे. ते काढलं तर गाणं लंगडं होईल.

आणि 'स्पीकरबॉक्स'चं पहिलं पूर्ण गाणं 'गेटोम्युझिक' पहारेकऱ्यांनी एकदा शांतपणे ऐकावं. दोन्ही तबकड्यांवर यापेक्षा विक्षिप्त काही नाही. सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक ठेका इतका वेगात की धाप लागावी, त्यावर बिग बॉय तितक्याच वेगात. मग एकाएकी सगळं थांबतं, गायिका पॅटी लाबेलचा जुना, मधाळ, संथ आवाज येतो, दोन श्वास घ्यायला मिळतात आणि पुन्हा तीच धावाधाव. 'भक्कम, अपेक्षेप्रमाणे' असा शेरा मिळालेल्या तबकडीचं दार असं उघडतं. हे गाणं रचलंय आंद्रेने. त्याने ते स्वतःच्या तबकडीवर ठेवलं नाही, मित्राला दिलं, कारण त्यावर रॅप करू शकेल असा माणूस त्याला एकच माहीत होता.